पांडवलेणीत हरलेल्यांचा लेख जिंकणाऱ्याने ठेवला कसा?

निवृत्त_रोखपाल

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं काढली. सुरुवातीची वर्षं रोखपालाच्या पिंजऱ्यात, नंतरची कर्जविभागात. निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले चढ चढा, म्हणून आठवड्यातून तीनदा पांडवलेणी चढतो. फाळके स्मारकाच्या बाजूने वर जायचं, दम लागला की पायरीवर बसायचं, मग लेण्यांच्या ओळीतून एक फेरी मारून खाली. (पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही हे मला ठाऊक आहे. त्यावरून कृपया धागा भरकटवू नका.)

ब्राह्मी मला वाचता येत नाही. पण छापील पाठ आणि त्याचा अर्थ हातात घेऊन दोन वर्षं भिंतीसमोर उभा राहतोय. त्यातून एक प्रश्न डोक्यात बसलाय, तो काही जाईना.

१० नंबरचं लेणं नहपानाच्या जावयाचं. नहपान म्हणजे क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप, शकांचा इथला राज्यकर्ता. जावई उषवदात, दीनीकाचा मुलगा, नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचा नवरा. व्हरांड्यात त्याचे लेख आहेत आणि त्यातल्या एका लेखात दानांची यादी इतकी लांबलचक आहे की वाचणाऱ्याला धाप लागावी. तीन लाख गायी दिल्या. देवाब्राह्मणांना १६ गावं दिली. वर्षाला एक लाख ब्राह्मण जेवू घातले. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे, म्हणजे भडोच, मंदसोर, आमचं नाशिक आणि सोपारा इथे, धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. प्रभासतीर्थावर ब्राह्मणांना आठ बायका करून दिल्या. (हे वाचून दाखवल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "त्या आठजणींना कुणी विचारलं होतं का?") तीन लाख गायींचा आकडा मलाही जरा फुगवलेल्या ताळेबंदासारखा वाटतो, पण ते असो.

मला भुरळ घातली ती ४२व्या वर्षाच्या लेखाने. तो शुद्ध बँकेचा कागद आहे. उषवदाताने बौद्ध भिक्षूंच्या संघासाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव ठेवली. शब्द आहे 'अखयनिवि'. २००० गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना), दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. 'पाऊण'साठी मूळ शब्द 'पायून' आहे! दोन हजार वर्षांत एक स्वर हलला फक्त. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं खायचं. २०००चं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि पुढे लिहिलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या कापडासाठी, प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब चोख, दमडीचा फरक नाही. मी त्या भिंतीसमोर मोठ्याने "टॅली!" म्हणालो, तर शेजारी सेल्फी काढणारी पोरं दचकली. (लेण्यात खोल्या मात्र सोळाच आहेत. मी पुन्हा पुन्हा मोजल्या.) शेवटी असंही म्हटलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. म्हणजे रजिस्ट्रेशनसुद्धा झालं.

आता ३ नंबरला या. हे सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं, त्याचा वंश संपवला. तिथल्या मोठ्या लेखात त्याचं बिरुदच आहे, 'खखरातवसनिरवसेसकरस', म्हणजे क्षहरातांचा वंश ज्याने निरवशेष केला त्याचा. मागे काहीही उरू दिलं नाही.

आणि तिथून काही पावलांवर, त्याच डोंगरात, त्याच ओळीत, त्याच संपवलेल्या घराण्याच्या जावयाची ही सगळी वाहवा भिंतीवर शाबूत! छिन्नी घेऊन एक पाथरवट दिवसभर बसवला असता तरी काम झालं असतं. आमच्या बँकेत संचालक मंडळ बदललं तेव्हा नव्या लोकांनी आठवड्याच्या आत जुन्या अध्यक्षांची संगमरवरी पाटी उतरवली. ती अजून जिन्याखाली भिंतीला तोंड करून उभी आहे.

तर जाणकारांनी सांगावं, गौतमीपुत्राने हा लेख का ठेवला? मन मोठं होतं म्हणून, लक्ष गेलं नाही म्हणून, की आणखी काही?


कोरीव

काका, प्रश्न भारी आहे. मी पुराभिलेखविद्या, म्हणजे जुने कोरीव लेख वाचायला, शिकतेय, अजून विद्यार्थीच आहे, त्यामुळे शिक्षकी थाट आला तर माफ करा.

तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलंय. तुम्ही त्या लेखाला नहपानाची पाटी समजताय. लेखात काय म्हटलंय पाहा: 'संघस चातुदिसस इमं लेणं नियातितं'. चारही दिशांच्या संघाला हे लेणं दिलं. एकदा दिलं की ते उषवदाताचं राहिलं नाही. तो लेख म्हणजे संघाच्या हातातला दस्त. ३००० कार्षापण कुठल्या श्रेणीकडे आहेत, दर काय, व्याज कुणाला मिळायचं, हे सगळं त्या भिंतीवर लिहिलंय. गौतमीपुत्राने तो खरवडला असता तर नहपानाचं काय बिघडणार होतं? वीस भिक्षूंचं कापड गेलं असतं. तुम्ही कर्जविभागात होतात. अध्यक्ष बदलले म्हणून जुन्या अध्यक्षांच्या सहीच्या ठेवपावत्या तुम्ही फाडल्यात का? संगमरवरी पाटी वेगळी, ठेवपावती वेगळी.

(आणि हो, 'लेणं' हा शब्दही तुमच्या 'पायून'सारखाच. भिंतीवर 'लेणं', आपल्या तोंडी लेणं.)

दुसरं म्हणजे त्याने उत्तर दिलंच नाही असं नाही. दोन्ही लेणी लागोपाठ पाहा. १०च्या दर्शनी खांबांची घडण, ते घंटेसारखे शीर्षभाग, वर पाठीला पाठ लावून बसवलेले प्राणी, यांचं कार्ल्याच्या चैत्यगृहाशी नातं जाणवतं. मग ३चे खांब बघा. तोच आराखडा, तेच घंटाशीर्ष, तेच प्राणी, पण हात जरा जड. माझ्या मते कोरीवकामात १० नंबर सरस आहे. हे सातवाहनप्रेमींना आवडणार नाही, इलाज नाही. मात्र ३मध्ये जास्तीच्या गोष्टी केल्यात. दरवाजाची चौकट सांचीच्या तोरणासारखी भरगच्च कोरली. व्हरांड्याच्या खाली दगडी तुळया खांद्यावर घेतलेले धिप्पाड गण बसवले, जणू सगळं लेणं तेच उचलून चाललेत. खोल्या १८. तुम्ही १६ मोजल्यात ना तिकडे? शेजाऱ्याने सोळा खोल्यांचा वाडा बांधला तर आपला अठराचा. शत्रूची भिंत खरवडण्यापेक्षा त्याच्या नमुन्यावर त्याच्याहून मोठं बांधायचं, हा त्यांचा जबाब होता.

खाडाखोड त्या डोंगरात झालीच नाही असंही नाही. १०च्या मागच्या भिंतीवर एक स्तूप उठावात कोरला होता. पुढे कधीतरी तोच तासून त्याचा भैरव केला. म्हणजे छिन्नी चालली, पण ती जिंकलेल्या राजाची नव्हे, नंतरच्या भक्तांची.

कार्ल्यालाही असंच. तिथल्या वलूरक लेण्यातल्या भिक्षूंना उषवदाताने करजिक गाव दिलं होतं. सातवाहनांकडे सत्ता आल्यावर मामाल इथल्या अमात्याला, म्हणजे आपल्या मावळात, हुकूम गेला की करजक गाव वलूरकच्या भिक्षूंना दिलं आहे. तेच गाव, तेच भिक्षू, देणारा तेवढा बदलला.


तिरकस

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

विनोद नाही करत. काका, तुमच्याच ३ नंबरमध्ये गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा हुकूम आहे ना? विजयी सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्याला पाठवलेला. त्यात काय म्हटलंय? पश्चिम कखडी गावातलं शेत, जे आजवर उषभदाताने (तुमचा उषवदातच) भोगलं, त्यातली २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन त्रिरश्मीवरच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्षूंना दिली. बायाबापड्यांना राजा उदार दिसतो. जमीन जावयाची, पुण्य सासऱ्याच्या वैऱ्याचं! लेख कशाला पुसायचा? उलट 'आधी हे उषभदाताचं होतं' हे दगडावर राहायलाच हवं, त्याशिवाय हिसकावल्याची मजा काय?


खणखणीत

तिरकसराव म्हणतात त्याचा पुरावा माझ्या धंद्यात आहे. मी नाणी जमवतो, वडिलांचं सराफाचं दुकान होतं.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला एक घबाड सापडलं. चांदीची सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला ते चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह. भोवती 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'.

असं नाणं भिंगाखाली धरून पाहिलं नसेल तर एकदा पाहाच. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे, नाशिककरांनी तरी जायलाच हवं. नहपानाचं नाणं मुळात फार देखणं. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं (कोरणाऱ्याला ग्रीक फारसं येत नसावं, अक्षरं वाट्टेल तशी पडलीत). दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, नाव ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर तीन लिप्या. चेहराही प्रत्येक नाण्यावर निराळा. कुठे गुटगुटीत तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. आणि त्या चेहऱ्याच्या बरोबर गालावर सातवाहनांचा डोंगर हाणलेला! डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

लोक विचारतात, वितळवून नवी का नाही पाडली? वितळवायची म्हणजे मूस, कोळसा, भट्टीतली तूट, चकत्या पाडा, वजन जुळवा आणि शेवटी ठसा माराच. नुसता ठसा मारायला हातोडा पुरतो. शिवाय सातवाहनांचं रोजचं नाणं शिशाचं, तांब्याचं, पोटीनचं (हा एक मिश्रधातू). चांदीचं हे माप पश्चिमेकडच्या बाजारात बसलं होतं ते क्षत्रपांच्या नाण्यामुळे. बाजार त्या चकतीला ओळखत होता. राजाने चकती तीच ठेवली, मालक बदलला. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक दागिन्याला नाही, तराजूला मानतं.

माझं म्हणणं एवढंच की लेणं काय आणि नाणं काय, एकाच डोक्यातून निघालेली गोष्ट आहे. चालू असलेली वस्तू मोडायची नाही. आपला शिक्का मारायचा आणि पुन्हा चालवायची.


निवृत्त_रोखपाल

कोरीवताई, ठेवपावतीचा दाखला देऊन तुम्ही मला माझ्याच काउंटरवर पकडलंत. नाही फाडल्या. एकही नाही. उलट जुन्या अध्यक्षांच्या सहीच्या पावत्या नव्या मंडळाने जास्त जपून हाताळल्या, कारण एक जरी नाकारली असती तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली असती.

तिरकसराव, तुळशीपत्र मान्य. पण नुसतं हिसकावून दाखवायचं असतं तर ती जमीन त्याने आपल्या सेनापतीला दिली असती. भिक्षूंना का दिली?

आणखी एक राहून गेलं. एकाच गावात, एकाच धंद्यातल्या दोन श्रेणी. एक शेकडा एक देते, दुसरी पाऊण. माझ्यासारख्याला हे खटकतं. बाजार एक असताना दर दोन कसे?


ताणाबाणा

मी येवल्याचा, घरात पैठणीचे माग, चौथी पिढी. इतिहास शाळेपुरता. पण विणकरांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

काका, तुम्ही बँकेच्या खुर्चीतून बघताय, मी मागाच्या खड्ड्यातून बघतो. विणकराला पैसा कधी लागतो? माल विकायच्या कितीतरी आधी. सूत आणायचं, रंगवायचं, ताणा घालायचा. इथे पहिला पैसा जातो आणि साडी उतरेपर्यंत एक दमडी परत येत नाही. तेवढ्या काळात घर चालवायला सावकार. ज्याच्या हातात मुद्दल, तो दर ठरवतो. आता विचार करा, कुणी येऊन म्हणतो हे २००० घ्या आणि मुद्दल कधीच परत करू नका, वर्षाला १२ टक्के तेवढे द्या. अहो, लॉटरीच की! कधीच परत न मागितलं जाणारं भांडवल कुणी देत असेल तर माझा पत्ता कळवा.

आणि तो १२ कार्षापण कापडाचा खर्च. भिक्षू ते कापड घेणार कुठून? गोवर्धनच्याच विणकरांकडून असेल, दुसरं कोण होतं जवळ? म्हणजे व्याज दिलं आणि तेच गिऱ्हाईक होऊन परत आलं. उषवदात कुणीही असो, त्याला धंदा कळत होता.

दोन दरांबद्दल माझा अंदाज सांगतो, पुरावा नाही. तुम्ही बँकवाले म्हणाल ज्याची पत कमी त्याला दर जास्त. आमच्यात उलटही होतं. ज्याचा माल उचलला जातो त्याला जास्त व्याज परवडतं, म्हणून तो मोठी रक्कम जास्त दराने घेतो. ज्याचा माल हळू जातो तो म्हणतो पाऊणच देईन, घ्यायचं तर घ्या. २००० शेकडा एकने आणि १००० पाऊणने, यात मला तेच दिसतं.

लढाईबद्दल म्हणाल तर एवढंच कळतं की राजा कुठलाही येवो, माग थांबला की सगळं थांबतं. जिंकणाऱ्याला सगळ्यात आधी हेच बघायचं असतं की माग चालू आहेत ना. भडोच-सोपाऱ्याला माल जायचा तो अशाच गावांतून जायचा असणार.


गिरनारची_पायरी

जन्म सोलापूरचा, पण नोकरीमुळे वीस वर्षं सौराष्ट्रात आहे. म्हणून गोष्टीचा पुढचा भाग इकडच्या बाजूने सांगतो, कारण नाशिककरांची गोष्ट नेहमी गौतमीपुत्र जिंकला तिथेच संपते.

३ नंबरच्या लेखात त्याच्या मुलखाची यादी आहे: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ, आकरावंती. आता जुनागढला गिरनारच्या वाटेवर या. एका मोठ्या खडकावर अशोकाचे लेख आहेत आणि त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदाम्याचा. शक ७२, म्हणजे इसवी सन १५०. त्यात त्याने जिंकलेल्या देशांची यादी आहे: आकर-अवंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत... तीच नावं! मालक पुन्हा बदलला. रुद्रदामा म्हणतो, दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा सरळ लढाईत हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे उखडून टाकलं नाही. नातं कुठलं? तुमच्या मुंबईच्या कान्हेरीत उत्तर आहे. तिथल्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी, असं म्हटलंय. 'निरवशेष' झाले ते क्षहरात. दुसऱ्या क्षत्रप घराण्याशी सातवाहनांनी सोयरीक केली.

मजा पुढेच आहे. शक बाहेरून आलेले. सातवाहन इथले, 'एकबम्हण', म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणवणारे. पण सातवाहनांचे लेख प्राकृतात, लोकांच्या बोलीत, आणि रुद्रदाम्याचा लेख मात्र घोटीव संस्कृतात. बाहेरून आलेल्यालाच दरबारी भाषेचा सोस जास्त, हे आजही दिसतं. (मीही इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं नको इतकं शुद्ध गुजराती बोलायचो. भाजीवाला हसायचा.)

काकांच्या प्रश्नाला फाटा म्हणून एक. पुसण्याची रीत जगात नव्हती असं नाही. कंपनीच्या कामाने रोमला गेलो होतो. तिथे फोरममध्ये सेप्टिमियस सेव्हेरसची कमान आहे. त्याच्या दोन मुलांपैकी काराकालाने भाऊ गेटाला इसवी सन २११ मध्ये मारवलं आणि कमानीवरचं त्याचं नाव काढून तिथे दुसरेच शब्द भरले. जुन्या धातूच्या अक्षरांची भोकं अजून दिसतात. गाईड त्या भोकांकडेच बोट दाखवत होता, त्यामुळे कमानीवरचं मला आठवतं ते एकच नाव, गेटा.


तिरकस

भोकांचं आवडलं. पण मुळात 'निरवशेष'ची फुशारकी गौतमीपुत्राने मारलेली नाहीच, हे कुणी सांगणार आहे की मीच सांगू? तो लेख त्याच्या आईचा आहे.


कोरीव

तिरकसदादा, तेच लिहायला बसले होते.

तो मोठा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, म्हणजे नातवाच्या, १९व्या वर्षातला. लेणं पुरं करून भदावनीय पंथाच्या भिक्षूंना दिलं ते गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने. तोवर गौतमीपुत्र हयात नाही. 'शक यवन पल्हवांचा निःपात करणारा', 'ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं', ही सगळी आजीने मुलाबद्दल कोरून घेतलेली वाक्यं आहेत. आणि त्याच गौरवात, निरवशेषपासून फार लांब नाही, ती असंही म्हणते: 'कितापराधे पि सतुजने अपाणहिसारुचिस'. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायची ज्याला आवड नव्हती. इतिहासकार म्हणून मी दोन्हींवर तितकाच विश्वास ठेवते, म्हणजे बेताचाच. पण आई म्हणून तिला दोन्ही एकाच श्वासात म्हणायचं होतं.

काका, पुढच्या वेळी व्हरांड्यातला २४व्या वर्षाचा हुकूमही वाचा, १८व्याच्या खालीच आहे. तो गौतमीपुत्र आणि त्याची आई अशा दोघांच्या नावाने निघालाय. तिथे तिचं विशेषण आहे 'जीवसुता', जिचा मुलगा जिवंत आहे ती. मोठ्या लेखात हा शब्द नाही.


निवृत्त_रोखपाल

आज सकाळी छापील पाठ घेऊन गेलो आणि तो २४व्या वर्षाचा हुकूम शोधून काढला. ताई, 'जीवसुता' वाचून पायरीवर बराच वेळ बसलो. पण त्याच हुकमात त्याच्याही पुढे जे आहे ते तुम्ही कुणीच लिहिलं नाहीत. शिकलेल्यांना ते किरकोळ वाटलं असेल. माझी कर्जविभागातली सगळी वर्षं पीककर्जाच्या वसुलीत गेली, म्हणून मला तेच दिसलं.

तिरकसराव, तुमचं तुळशीपत्र आठवतंय ना? उषभदाताकडून काढून भिक्षूंना दिलेली कखडीची जमीन. सहा वर्षांनी राजा अमात्य सामकाला लिहितो की आम्ही कखडी गावात शेत दिलं होतं, पण 'त च खेतं न कसते, सो च गामो न वसति'.

अर्थ बघायला पुस्तकाचं पान उलटावं लागलं नाही. शेत कसत नाहीत आणि गाव वसत नाही. 'कसेल त्याची जमीन' मधलं कसणं. माझ्या वडिलांनी वापरला असता तोच शब्द.

घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असेल, पण नाशिकजवळच्या एका गावात नांगर धरायला माणूस उरला नाही. राजाने मान्य केलं, जमीन बदलून दिली. नगराच्या शिवेवरच्या सरकारी शेतातली १०० निवर्तनं. आधी २०० दिली होती, आता १००. माझ्या भाषेत सांगायचं तर कर्ज बुडीत गेलं आणि निम्म्यावर तडजोड झाली. आणि ही तडजोडसुद्धा त्याने दगडावर कोरून घेतली, आपल्याच लेण्यात, दारातच. एवढं कबूल करणारा राजा शेजारच्या लेण्यातला दुसऱ्याचा ठेवीचा लेख कशाला खरवडेल? मला माझं उत्तर मिळालं. कोरीवताईंचं निम्मं, खणखणीतरावांचं निम्मं.

ताणाबाणा, तुमचा दोन दरांचा अंदाज मला पटलेला नाही. मोठी रक्कम जास्त दराने घेणारा शेवटी थकतोच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यावर समोरासमोर भांडू. रविवारी सकाळी मी वर असेन, तिकीटखिडकी उघडली की लगेच. कोरीवताई नाशकात असतील तर त्यांनीही यावं, २४व्या वर्षाच्या ओळी नेमक्या कुठे सुरू होतात ते मला बोट ठेवून, म्हणजे बोट न लावता, दाखवावं. ती अक्षरं वर आहेत आणि सकाळी तिथे उजेड कमी पडतो, त्यामुळे टॉर्च आणा. मोबाईलचा पुरत नाही. पाणी मी आणतो.


ताणाबाणा

येतो. येवल्याहून पहिली एसटी पकडतो. दराचं भांडण पायथ्याशी चहावर उरकू, वर तुम्हाला दम लागतो.